पाऱ्याची वही : गोव्यातल्या तळ्यांचे मासे आणि पाणपक्षी वर्षानुवर्षे कसे तपासावेत

मे महिन्यात गोव्यातल्या साळावली धरणाचं पाणी ओसरलं की त्यात बुडालेलं कुर्डी गाव वर येतं. घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, सोमेश्वराचं देऊळ आणि सगळीकडे उन्हात भेगाळलेला गाळ. धरणापायी उठून गेलेली कुटुंबं त्या दिवसांत देवाला येतात. एका वर्षी मीही गेलो होतो. पाण्याच्या कडेला एक जण गळ टाकून बसला होता, बालदीत दोन मरळी. माझ्या हातातली वही आणि मोजपट्टी बघून त्यानं विचारलं, "सर, ह्या नुस्त्यांत पारो आसा काय?" म्हणजे, ह्या माशांत पारा आहे का?

मला उत्तर देता आलं नाही. त्यातली एक मरळ प्रयोगशाळेत दिली असती तर त्या मरळीत किती पारा आहे ते कळलं असतं. तळ्यात पारा वाढतोय की उतरतोय, हे मात्र कळलं नसतं. त्यासाठी तोच मासा, त्याच मापाचा, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीनं दर वर्षी तपासावा लागतो, आणि हे कंटाळवाणं काम निदान दहा वर्षं रेटावं लागतं. शाळेच्या निसर्ग मंडळाला, पंचायतीच्या जैवविविधता समितीला, कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला ते जमण्यासारखं आहे. कसं, ते इथे लिहितो. आमच्या हातून झालेल्या चुकाही लिहितो, कारण त्यांत आमचा एक अख्खा हंगाम वाया गेला.

आधी हे समजून घ्या : पारा पिसापर्यंत पोचतो कसा

थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणारा चकचकीत थेंब हा धातुरूप पारा. माशात असतो तो हा नव्हे. कोळसा जळतो, छोट्या खाणींत पाऱ्यानं सोनं वेगळं काढतात, सिमेंटच्या भट्ट्या पेटतात, तेव्हा पाऱ्याची वाफ हवेत जाते आणि कित्येक महिने जगभर फिरत राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत २०१५ या एका वर्षात माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेल्याचा अंदाज आहे. सगळ्यात मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा, त्याखालोखाल कोळशाचा. पावसाबरोबर हा पारा खाली येतो. त्यामुळे ज्या तळ्याच्या काठी एकही कारखाना नाही, त्यातही तो येतोच.

आपल्याकडे पाऱ्याचं नाव काढलं की कुणीतरी मुरगाव बंदरातल्या कोळशाकडे बोट दाखवतो. ती धूळ हा खरा प्रश्न आहे, पण वेगळा. पारा मुख्यतः कोळसा जळताना सुटतो, ढिगात पडून असताना नाही. खाणपट्ट्यातल्या लाल पाण्याचंही तसंच. लाल रंग लोहाचा आणि मातीचा. पाण्यात मिसळलेल्या पाऱ्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही, त्यामुळे पाण्याकडे बघून कसलाही अंदाज बांधू नका.

खरी गोष्ट गाळात घडते. जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे सल्फेटवर आणि लोहावर जगणारे काही जिवाणू या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. जांभ्याच्या मातीत लोहाला तोटा नाही हे ध्यानात ठेवा. मिथाइल पारा चरबीत बसत नाही, तो प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतो. म्हणून कातडी सोलून, चरबी काढून, तळून किंवा उकडून तो जात नाही. शेवाळातून किड्यांत, किड्यांतून बारक्या माशांत, तिथून मरळीत आणि शेवटी पाणकावळ्यात तो चढत्या प्रमाणात साठत जातो.

किती चढतो? पाण्यापेक्षा शिकारी माशात त्याचं प्रमाण दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त भरतं. हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. समजा तळ्याच्या पाण्यात मिथाइल पारा लिटरला फक्त १ नॅनोग्रॅम आहे. त्याची दहा लाख पट म्हणजे माशात किलोला १ मिलिग्रॅम! पाणी मर्यादेच्या हजार पट खाली, आणि मासा खाण्याच्या मर्यादेवर. म्हणून पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत धाडण्यात पैसे घालवू नका. माशालाच विचारा.

पक्ष्याचं गणित थोडं निराळं. पीस उगवत असताना त्याला रक्त मिळतं आणि रक्तातला मिथाइल पारा पिसाच्या केराटिन या प्रथिनात जाऊन बसतो. पीस पुरं वाढलं की रक्तपुरवठा तुटतो आणि आत गेलेला पारा तिथेच बंद होतो. पक्षी आपल्या शरीरातला बराचसा पारा असा पिसांवाटे बाहेर टाकतो. एक पीस म्हणजे ते उगवलं त्या काही आठवड्यांची पावती. ही पावती शंभर वर्षांनीही वाचता येते.

तळं निवडणं

दोन तळी घ्या, जास्त नकोत. एक धरण आणि एक जुनं तळं अशी जोडी सगळ्यात बोलकी. धरणांत साळावली, अंजुणे, आमठाणे, चापोली, पंचवाडी. जुन्या तळ्यांत करमळी, मये, कुडतरीची तळी, बातीचं तळं, किंवा कुडचड्याचं नंदा तळं. हे ४२ हेक्टरांचं नंदा तळं २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

जोडी अशासाठी की धरणाचा स्वभाव वेगळा असतो. नवी जमीन पाण्याखाली गेली की झाडपाला कुजतो, गाळातले जिवाणू माजतात आणि माशांतला पारा वाढतो. कॅनडातल्या आणि फिनलंडमधल्या जलाशयांत हे नीट नोंदलं गेलंय. शिकारी माशांतला पारा मूळ पातळीवर यायला तिथे वीस-तीस वर्षं लागली. आपली धरणं आता जुनी झाली, पण कुर्डीसारखी जमीन दर वर्षी उघडी पडते आणि दर वर्षी बुडते. गाळ वाळला की त्यातल्या गंधकाचं सल्फेट होतं, पुन्हा पाणी चढलं की त्याच सल्फेटवर जिवाणूंची चैन. म्हणून पाण्याची पातळी दर महिन्याला लिहून ठेवा. काठावरच्या एखाद्या दगडावर खूण करून मोजलं तरी चालेल. चार वर्षांनी आकडा एकदम उसळला तर आधी याच रकान्याकडे बघावं लागणार आहे.

खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं पाणी या कामात धरू नका. मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून भरतीचं पाणी आत येतं, क्षार बदलतात, मासेही खाडीतून ये-जा करतात. चोणक कितीही मोठा आणि मोहात पाडणारा मिळाला तरी नको. तो कुठे वाढला आणि काय खाऊन वाढला, हे तुम्हाला सांगता येणार नाही. खाजनाची वही वेगळी घालायची असेल तर जरूर घाला.

परवानग्या, हे काम सगळ्यात आधी

जलाशयातून मासे काढायला मत्स्योद्योग खात्याची आणि धरण असेल तर जलस्रोत खात्याचीही लेखी परवानगी घ्या. पिसांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानपक्ष्याचे अवयव विनापरवाना जवळ बाळगता येत नाहीत. "जमिनीवर पडलेलंच तर उचललं" या सबबीवर विसंबू नका. मोराच्या गळालेल्या पिसांना सवलत आहे म्हणून बगळ्याच्या पिसांना आहे असं नाही. शिक्षण आणि संशोधनासाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देतात. अर्जात जाती, जागा, पिसांची संख्या, महिना आणि पिसं कुठे ठेवणार ते लिहा. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज गेला तर काम लवकर हलतं, हा अनुभव. परवाना हातात येईपर्यंत पिशवी घेऊन बाहेर पडायचं नाही, आणि पोरांनाही पडू द्यायचं नाही.

कोणता मासा

बाजारात जाऊ नका. बाजारातले रोहू-कटला बहुतेक परराज्यांतून बर्फात येतात, त्यांचा आपल्या तळ्याशी संबंध नसतो. तळ्यावर रोज जाळं टाकणाऱ्या माणसाशी मैत्री करा आणि त्याच्याकडून तुमच्यासमोर पाण्याबाहेर आलेला मासा पैसे देऊन घ्या.

दोन प्रकार हवेत. एक शिकारी, म्हणजे मरळ. ती तळं सोडून फार कुठे जात नाही, दुसरे मासे आणि बेडकं खाते, बरीच वर्षं जगते आणि लोक ती खातात. दुसरा प्रकार यंदाच्या पावसात जन्मलेल्या बारक्या माशांचा. हा लोकांना बिनमहत्त्वाचा वाटतो, पण बातमी हाच देतो. नोव्हेंबरात पकडलेला बोटभर मासा जेमतेम पाच महिन्यांचा असतो, त्याच्या अंगातला पारा फक्त यंदाचा. मरळीच्या अंगात मात्र गेल्या कित्येक वर्षांची बेरीज असते. बदल आधी बारक्यांत दिसतो, मरळीत सावकाश.

कॅनडात ओंटारिओमधल्या एका प्रायोगिक तळ्यात शास्त्रज्ञांनी २००१ ते २००७ या काळात खूण पटेल असा, वेगळ्या समस्थानिकाचा पारा मुद्दाम सोडला आणि मग थांबवला. सोडणं थांबल्यावर लहान माशांतला तो पारा झपाट्यानं उतरला आणि मोठ्या शिकारी पाइक माशांत तो त्याहून हळू कमी झाला. तिथे नुसत्या मोठ्या माशांवर नजर ठेवली असती तर आठ वर्षांनीही सुधारणा अर्धवटच दिसली असती.

बारक्या माशाची जात एकच ठेवा. गावातलं नाव आणि जाणकाराकडून पक्कं केलेलं शास्त्रीय नाव, दोन्ही लिहा, आणि मोजपट्टीवर ठेवून फोटो काढा. एकाच माशाला पेडण्यात एक नाव आणि केपेत दुसरं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पैसे उरले तर तिलापिया तिसरा घ्या. शेवाळ आणि कुजका गाळ खाणारा, म्हणून तळाच्या पायरीवरचा.

दर तळ्याला दर वर्षी दहा ते पंधरा मरळी आणि बारक्या माशांचे पाच गठ्ठे, एका गठ्ठ्यात दहा मासे. महिना नोव्हेंबर. पाऊस संपलेला, पाणी स्थिरावलेलं, विणीचा काळ उलटलेला. एकदा नोव्हेंबर ठरला की नोव्हेंबरच.

मोजणं आणि कापणं

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं मुसळ केरात. मासा फळीवर सरळ ठेवा, तोंड मिटलेलं, आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. मग वजन. मग पोट उघडून नर की मादी ते लिहा, आणि पोटात काय होतं तेही. एका मरळीच्या पोटात आम्हाला अख्खा बेडूक मिळाला होता, पाय अजून ताठ. पोरं अर्धा तास त्याच्याभोवती होती, पण तो वहीतही गेला हे महत्त्वाचं.

लांबीवर इतका भर का? माशाचं वय वाढतं तसा पारा वाढतो, आणि लांबी हा वयाचा आपल्या हातातला सगळ्यात सोपा पुरावा. समजा पहिल्या वर्षी तुम्हाला सरासरी ३० सेंटिमीटरच्या मरळी मिळाल्या आणि त्यांत किलोला ०.२० मिलिग्रॅम पारा निघाला. तीन वर्षांनी जाळ्यावाल्यानं तुमच्यावरच्या प्रेमापोटी मोठ्या मरळी राखून ठेवल्या, सरासरी ३८ सेंटिमीटर, आणि आकडा आला ०.२८. वर्तमानपत्रात बातमी होईल, पारा चाळीस टक्के वाढला. वाढली असेल ती नुसती मरळ. जाळ्यावाल्याला पहिल्या दिवशीच सांगा, "मोठी नको भाऊ, लहान-मोठी सगळी मिसळून दे."

मांस कुठून घ्यायचं तेही ठरलेलं हवं. पाठीवरच्या पराखाली, मधल्या रेषेच्या वर, कातडी सोडवून लिंबाएवढा तुकडा. स्टीलची सुरी आणि काचेची किंवा प्लास्टिकची फळी चालते, लाकडी नको. एक मासा झाला की सुरी-फळी धुऊन दुसरा घ्या. प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करा, एक प्रयोगशाळेला आणि एक तुमच्या फ्रीझरला. बारके मासे असतील तर डोकं-पोटासकट पूर्ण मासा दळून द्यायचा, आणि दर वर्षी तसाच. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. जेलपेनची शाई फ्रीझरच्या दवात कशी पसरते ते आम्ही पाहिलंय. चिठ्ठीवर इतकं पुरतं : "अंजुणे, मरळ ७, ३४२ मिमी, ३८० ग्रॅम, मादी, १२ नोव्हें." आणि वर्ष. वर्ष लिहायला सगळे विसरतात.

पिसं

पिसांत आम्ही फसलो ते पहिल्याच वर्षी. बगळ्यांच्या वस्तीखालून, ज्याला पक्षिमित्र सारंगागार म्हणतात, आम्ही मोठ्या उत्साहानं पांढरी पिसं गोळा केली. पाकिटावर लिहिलं "बगळा". निकाल आले ते एकमेकांशी कुठेच जुळेनात. काही पिसांत पारा बऱ्यापैकी, काहींत नावालाच. एका जाणत्या पक्षिनिरीक्षकानं पाकीट उघडून बघितलं आणि विचारलं, "ह्यात गायबगळा किती?" गायबगळा त्याच झाडावर झोपतो, पण दिवसभर म्हशींच्या मागे फिरत शेतातले टोळ खातो, तळ्याशी त्याचा संबंध जवळपास नाही. छोटा बगळा मासे खातो. पीस दोघांचंही पांढरं. सगळी पाकिटं बाद.

तेव्हापासून पांढऱ्या पिसाला हात लावायचा नाही असा नियम केला. छोट्या पाणकावळ्याचं काळं पीस घ्या. तो मासेच खातो, आपल्या बहुतेक तळ्यांवर बारा महिने असतो आणि झाडांवर गटानं झोपतो. मात्र त्याच झाडावर कावळेही बसत असतील तर काळ्या पिसातही घोळ होऊ शकतो, म्हणून पहिली दोन वर्षं प्रत्येक पीस जाणकाराला दाखवून घ्या. खंड्याची निळी पिसं ओळखायला सोपी, पण हाताला क्वचितच लागतात.

हिवाळी पाहुण्यांची पिसं या वहीत नकोत. तलवार बदकं करमळीला थंडीत हजारोंनी उतरायची त्या आठवणी जुनी माणसं सांगतात. पण त्यांचं पीस उत्तरेकडे हजारो किलोमीटरवर उगवलेलं, त्यातला पारा तिथला. आपल्या तळ्याची सगळ्यात खरी साक्ष पिल्लाच्या पिसाची असते, कारण आई-बाप त्याला जवळच्या पाण्यातलंच भरवतात आणि ते पीस इथेच उगवतं. पण पिल्लं घरट्यात असताना झाडाखाली जायचं नाही. आपल्याकडे बगळे-पाणकावळे पावसाळ्यात वीण करतात. माणूस खाली आला की पिल्लं बिचकतात, खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू पुन्हा वर जात नाही. वस्ती रिकामी झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. हातमोजे आणि मास्क घाला, शिटाच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता वनखात्याला कळवा.

छातीची-पोटाची बारकी पिसं घ्या, पंखांची लांब पिसं टाळा. पंखातली पिसं एकामागून एक उगवतात आणि आधी उगवलेल्यांत पारा जास्त उतरतो, त्यामुळे एकाच पक्ष्याच्या दोन पंखपिसांतही मोठा फरक पडू शकतो. बारकं पीस काही मिलिग्रॅमचंच असतं, म्हणून एका नमुन्यात पंधरा-वीस पिसं लागतात. ती वेगवेगळ्या पक्ष्यांची असणार, म्हणून पाकिटावर "मिश्र नमुना" असं स्पष्ट लिहा. कागदी पाकिटं वापरा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या जुलैत आठ दिवसांत बुरशी येते. पाकिटं पत्र्याच्या ट्रंकेत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. धुवायचं काम प्रयोगशाळेवर सोडा. ते अ‍ॅसिटोन आणि शुद्ध पाण्यानं धूळ काढतात, घरच्या साबणानं काय होईल याची खात्री नाही.

संग्रहालयांतल्या जुन्या पक्ष्यांच्या पिसांवरून मागची शंभर वर्षं वाचता येतात, हे स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच दाखवलं. ससाण्यासारख्या शिकारी गॉसहॉकच्या पिसांत १९४० नंतर पारा एकदम चढला होता. कारण होतं बियाण्याला चोळलेलं पाऱ्याचं औषध. त्याच वर्षी स्वीडननं ते औषध बंद केलं. आपल्याकडेही कॉलेजांत आणि संस्थांत जुने पेंढा भरलेले पक्षी आहेत आणि कुणालाही मोह होईल. पण पूर्वी कीड लागू नये म्हणून कातड्यांना पाऱ्याचेच क्षार लावत. त्या पिसांत एकूण पारा मोजला तर निघेल तो पेंढा भरणाऱ्याच्या बाटलीतला. जुन्या नमुन्यांत नेहमी मिथाइल पाराच वेगळा मोजून घ्यायचा.

प्रयोगशाळेला काय विचारायचं

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ती मान्यता माशातल्या पाऱ्यासाठी आहे का, ते विचारा. नमुना न विरघळवता थेट तापवून पारा मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. त्याला नमुना थोडा लागतो आणि आम्लांच्या उद्योगात होणारी गळती टळते. शिकारी माशांच्या मांसातला नव्वद टक्क्यांहून जास्त पारा मिथाइलच असतो, तेव्हा माशांत एकूण पारा मोजला तरी पुरतं.

मग प्रमाणित नमुन्याबद्दल, म्हणजे ज्यातला पारा आधीच पक्का ठाऊक आहे अशा नमुन्याबद्दल विचारा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची डॉर्म-४ नावाची माशाची पूड आहे, तिच्यात पारा किलोला ०.४१२ मिलिग्रॅम असल्याचं प्रमाणित आहे. तुमच्या नमुन्यांसोबत ती चालवली का, आणि किती आली? नव्वद ते एकशे दहा टक्क्यांत आली तर पुढचं बोला. शिवाय स्वतःची एक परीक्षा घ्या. एकाच मरळीचे दोन तुकडे दोन वेगळ्या क्रमांकांनी द्या आणि कुणाला सांगू नका.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, निकाल ओल्या वजनावर की वाळवलेल्या? एका वर्षी आमचे आकडे आधीच्या वर्षाच्या पाचपट आले आणि आमच्यातल्या एकानं पंचायतीत जाऊन सांगूनही टाकलं. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वाळवलेलं वजन. माशाच्या मांसात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून वाळवलेल्या वजनावरचा १.० म्हणजे ओल्या वजनावरचा साधारण ०.२०. तो गैरसमज निस्तरायला आम्हाला दोन ग्रामसभा लागल्या.

आकडे आल्यावर

आलेखाच्या आडव्या रेघेवर लांबी, उभ्या रेघेवर पारा, आणि प्रत्येक मरळीचा एक ठिपका. ठिपक्यांतून जाणारी तिरकी रेघ काढा आणि ३० सेंटिमीटरवर ती कितीवर येते ते वाचा. हा त्या वर्षाचा आकडा. पारा लॉगमध्ये घेतला तर रेघ जास्त सरळ बसते, कॉलेजच्या पोरांना ते जमतं. वर्षांच्या तुलनेत फक्त हा ३० सेंटिमीटरचा आकडा वापरायचा. सरासरी विसरा.

आता संयम. समजा पारा खरोखरच वर्षाला तीन टक्क्यांनी उतरतोय. दहा वर्षांनी तो आजच्या ७४ टक्क्यांवर येईल. एका वर्षातल्या दोन मरळींतला फरक याहून मोठा असतो. म्हणून तीन वर्षांच्या आकड्यांवर पत्रकार परिषद घेऊ नका. दहा वर्षांत साधी चढती-उतरती दिशा तपासायला मान-केंडल चाचणी पुरते, ती संगणकावर फुकट करता येते.

दिशा दिसली तरी लगेच कारण सांगू नका. चांगला पाऊस झाला, खाणं भरपूर मिळालं, मासे भराभर वाढले, तर तेवढ्याच पाऱ्याची जास्त मांसात विभागणी होते आणि आकडा उतरतो. हवेतला पारा तेवढाच असतो. तळ्यात नवा मासा सोडला आणि मरळीचं खाणं बदललं, तरी रेघ हलते. अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांवर कुरव पक्ष्यांची अंडी १९७० च्या दशकापासून दर वर्षी तपासतात. तिथेही आधी पारा उतरला आणि मग बऱ्याच ठिकाणी उतरण मंदावली, आणि पक्ष्यांचं खाणंच बदललं नाही ना हे शास्त्रज्ञांना वेगळं शोधावं लागलं.

कारखान्याचा नळ बंद झाल्यावरही काय होतं ते ओंटारिओतल्या वाबिगून नदीवर दिसतं. ड्रायडन गावच्या कागद गिरणीच्या क्लोरीन कारखान्यानं १९६२ ते १९७० या काळात सुमारे दहा टन पारा नदीत सोडला. सोडणं थांबल्यावर माशांतला पारा सुरुवातीला भराभर उतरला, नंतर थबकला, आणि आज पन्नासहून अधिक वर्षांनीही खालच्या बाजूचे मासे स्वच्छ म्हणता येत नाहीत. गाळात बसलेला पारा थोडा-थोडा वर येत राहतो. जपानच्या मिनामाताला तर पाऱ्याचे मासे खाऊन होणारा रोग अधिकृतपणे ओळखला गेला १९५६ मध्ये आणि उपसागरातली माशांना अडवणारी जाळी निघाली १९९७ मध्ये. त्या गावाच्या नावाचा पाऱ्याला आळा घालणारा जागतिक करार ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाला, भारतानं त्याला जून २०१८ मध्ये मंजुरी दिली. त्याचा परिणाम आपल्या तळ्यांत उतरतो का, हे कळायला करारानंतरची वही कुणीतरी चालू ठेवलेली हवी.

पिसांसाठी ढोबळ खूणगाठ म्हणजे किलोला ५ मिलिग्रॅम. त्यापुढे काही जातींत विणीवर परिणाम दिसल्याच्या नोंदी आहेत. पण जातीजातीत फार फरक असतो, तेव्हा एक पीस ६ वर गेलं म्हणून पाणकावळे संपले असं नाही.

"मग आम्ही खायचं का?"

हा प्रश्न येणारच, उत्तर तयार ठेवा. माशातल्या पाऱ्याची नेहमीची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम, मोठ्या शिकारी माशांना १.०. पण ताटातला हिशेब जास्त कामाचा. गर्भातल्या बाळाचा विचार करून ठरवलेली आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. साठ किलोच्या बाईसाठी आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. मरळीत किलोला ०.३ मिलिग्रॅम असेल तर ही मर्यादा ३२० ग्रॅम मांसात गाठते, म्हणजे आठवड्याला दोन जेवणं. ०.१ असेल तर जवळजवळ किलोभर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मोठी मरळ टाळायला सांगा, लहान मासे खायला सांगा, आणि नुस्तें बंद करा असं कुणालाही सांगू नका. बांगडे-तारल्यांसारखे लहान, थोडं जगणारे मासे याबाबतीत निर्धास्त, मोरी (शार्क) नाही.

आकडे आधी गावाला दाखवा, मग बाहेर. ज्यानं तुम्हाला मरळी दिल्या त्याचं पोट त्या तळ्यावर आहे.

फ्रीझर आणि वही

मागे ठेवलेला अर्धा तुकडा हा या कामातला सगळ्यात मौल्यवान भाग. आठ वर्षांनी प्रयोगशाळा बदलली तर जुने दहा तुकडे नव्या प्रयोगशाळेत पुन्हा चालवता येतात आणि दोन्हींचे आकडे जुळतात का ते कळतं. उणे वीसवर ठेवा, हवाबंद डब्यात, म्हणजे मांस सुकून ओल्या वजनाचा हिशेब बिघडणार नाही. वहीच्या दोन प्रती करा, एक शाळेत, एक कुणाच्या तरी घरी. दर वर्षी नववीतली दोन मुलं नमुन्याला न्या, म्हणजे दहावीची मुलं गेल्यावर काम अडत नाही.

आणि वीज. जूनच्या पहिल्या वाऱ्यात झाड तारेवर पडतं आणि दीड दिवस दिवे नसतात, शाळेला सुट्टी असली तर कुणाला पत्ताही लागत नाही. फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. उघडल्यावर नाणं वरच दिसलं तर ठीक. तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, तारीख वहीत लिहा आणि त्या तुकड्यांवर लाल पेन्सिलनं फुली मारा.